भाकरी कशात धरायची?

मंगळवार, संध्याकाळ. चौल.

डॉक्टरांनी साखरेपायी भात बंद केल्यापासून खाल्लेलं सगळं मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये लिहितोय. आज ताडून बघायला दुसरं अ‍ॅप घेतलं. तेच जेवण दोन्हींत भरलं, बांगड्याचं कालवण आणि तीन भाकऱ्या. आकडे जुळेनात! पहिलं अ‍ॅप भाकरी म्हटली की ज्वारीचीच धरतं. दुसऱ्याने विचारलं, पीठ कसलं? तांदळाचंच की, आमच्याकडे दुसरी भाकरी असते कुठे? म्हणजे पंधरा दिवस मी भातच खातोय? आणि ज्वारीची तरी चालते का? काही कळेना.

बायको रोज आग्रहाने तिसरी भाकरी वाढते. "भात सोडलात ना, मग भाकरी तरी पोटभर खा."

मला सोबत म्हणून तिनेही भात सोडलाय. तिला आता कोणत्या तोंडाने सांगू?