मागच्या सीटचा पट्टा

जऊळका
ता. १८ ऑगस्ट २०२५

चि. रूपा हिस ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. आम्ही सारे इकडे सुखरूप आहोत. हे वाक्य दरवेळी सवयीनं लिहीत होते, आज लिहिताना हात थांबला.

घरातला एकच फोन, तो तुझ्या भाऊजींच्या खिशात. म्हणून रोज वाशिमला जाणाऱ्या मास्तरांच्या हाती हे पत्र देते.

मागच्या महिन्यात घेतलेली जुनी गाडी तू अजून पाहिली नाहीस. काल विहारातलं वर्षावासाचं वाचन आटोपून आम्ही मालेगावला निघालो. हे चालवत होते, मी बाजूला, सासू नानीबाई मागे. रेल्वे फाटकात, ऐन रुळावर गाडी बंद पडली. दारांची कुलपं आपोआप लागली, काचा उतरेनात. तेवढ्यात फाटकाची घंटा सुरू झाली. हे किल्ली फिरवून राह्यले, मी काचेवर हात आपटून राह्यली. त्रिसरण म्हणायला गेले तर पहिला शब्द आठवेना. मागच्या मोटारसायकलवाल्यांनी ढकलून कसंबसं पलीकडे काढलं. मालगाडी गेली तेव्हा आमची गाडी थरथरत होती, इतकी जवळ. नानीबाईनं मागून एवढंच विचारलं, आलं काय मालेगाव?

यांनी विकणाऱ्या शेठला फोन केला. तो म्हणे, ‘आहे तशी घेतली’ म्हणून सही केली तुमी, आता परत घ्यायचा सवाल नाही. पण कामरगावचं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारी त्याले विकून देतो. हे लगेच कबूल झाले. रूपा, त्या गिऱ्हाइकाच्या घरचंही कोणी मागच्या सीटवर बसेलच न?

अजून एक. तुला माझी रीत ठाऊक आहे, बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय मी घरात वापरू देत नाही. गाडी आली त्या दिवशी पुढचे दोन्ही पट्टे टोकापर्यंत ओढून साबणानं धुतले. आतल्या टोकाला वाळलेला पिवळा गाळ निघाला. इतक्या आत चिखल काहून गेला असेल? तेव्हापासून मनात आहे, यांना विचारायची हिंमत नाही.

जीव लावतेस तसाच लावत जा. फोन करू नको.
तुझी ताई

वाशिम
ता. २० ऑगस्ट २०२५

ती. ताईस रूपाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचलं.

ताई, ती गाडी पुरात बुडालेली असावी. वरून चकाचक करतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्यातला गाळ राहून जातो. बिघाड आतल्या तारांमध्ये असतो, कधी काय बंद पडेल सांगता येत नाही.

आमच्या कचेरीजवळ ग्राहकांचे खटले चालवणाऱ्या वकील मॅडम बसतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, गाड्या विकणं हाच ज्याचा धंदा, त्यानं दोष लपवला तर ‘आहे तशी’ची सही त्याला वाचवेलच असं नाही. आधी लेखी नोटीस द्या, गाडी परत घ्या आणि पैसे द्या म्हणून. ऐकलं नाही तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दोन वर्षांपर्यंत करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तुमच्या गाडीच्या किमतीला फीसुद्धा नाही. हे शेवटचं खास तुझ्यासाठी विचारून घेतलं.

पण गाडी चालवू नका, दुरुस्त करू नका आणि शेठच्या हाती तर देऊच नका. गाडी गेली की पुरावा गेला. आणि माहीत असून कामरगाववाल्यांपासून लपवलं, तर मग शेठमध्ये आणि भाऊजींमध्ये काय फरक?

अर्धा पुरावा तर तूच साबण लावून धुतलास! लहानपणी माझी पाटीही अशीच धुवायचीस, आतल्या गणितासकट. गाडीत न धुतलेलं काही उरलं आहे का, ते पहा. मला फार भीती वाटते.

तुझ्या रागाची आणि मायेची हक्कदार,
रूपा

जऊळका
ता. २३ ऑगस्ट २०२५

चि. रूपा हिस आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे भडकले. तुमी दोघी बहिणी मिळून मले कोर्टात उभं करता काय, शेठची वर ओळख आहे, म्हणाले. पण रुळावरच्या त्या दिवसापासून यांनी किल्लीला हात लावलेला नाही.

मागचा पट्टा कोणीच धुतला नव्हता, ओढलाही नव्हता. पहिल्याच दिवशी नानीबाईनं बजावलं होतं, गाईले दाव्यानं बांधता तसं मले बांधू नका. आत बसायचा धीर होईना. दार लागू नये म्हणून मध्ये दगड ठेवला, बाहेरूनच वाकून पट्टा ओढला. गाळ दिसताच सोडून दिला.

शुक्रवारी शेठ आला. सोबत कामरगावचा शाहिद, त्याची बायको अफ्रीन, तिच्या कडेवर लेक. अफ्रीननं पोरीला नेमकं नानीबाईच्या जागी बसवलं. दार किती हलकं लागतं ते दाखवायला शेठनं ते लावलं. पोरगी काचेवर हात आपटून हसत होती. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग मीच पुढे झाले, दार उघडलं, पोरीला उचलून आईकडे दिलं आणि पट्टा शेवटपर्यंत ओढला. अफ्रीनच्या ओढणीवर माती सांडली. हे काय आहे बाजी, तिनं मला विचारलं. पुराचं पाणी आहे बाई, अन् रुळावर बंद पडली होती, मी म्हणाले. शाहिद लेकीला घेऊन सरळ मोटारसायकलवर बसला.

शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. आमचं घर पुढून-मागून पाहून गेला.

तो गेल्यावर यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. मग कागद आणून माझ्यापुढे ठेवला, शेठला नोटीस तू लिही, मी सही करतो म्हणाले. सही करायच्या आधी यावेळी अक्षर न् अक्षर वाचलं. आज टपालात रजिस्ट्री केली.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. तो पट्टा मी तसाच राहू दिला, रोज फडकं घेऊन हात शिवशिवतात. मालेगावले कवा जायचं, असं नानीबाई विचारत असते. फाटकाची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते, इतक्या वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं. आता वाजली की हातातलं काम टाकून घरात कोण कुठं आहे ते पाहून येते. दारात जाते तर हे आधीच तिथं उभे असतात.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
बेबीताई