घरचा माणूस

अब्बा, आज सुट्टी होती म्हणून रूममधल्या दोस्ताबरोबर शारजात रोला बाजाराजवळचं एक जुनं घर बघायला गेलो. जाड भिंती, मधे अंगण, आता म्युझियम केलंय. कधी काळी तिथे इंग्रजांचा एजंट राहायचा. समुद्रातून मोती काढणाऱ्या बोटींवरचे गुलाम मालकाकडून पळून, वाळवंट तुडवत त्या दाराशी यायचे आणि सुटकेचा कागद मागायचे. माहिती सांगणारा माणूस चांगला होता, पण मधेच म्हणाला, "सब मालिक खराब नहीं थे. घर का आदमी समझते थे." दोस्त हसला. "घर का आदमी था, तो भागा क्यों, भाई?" माझं डोकं तिथेच फिरलं.

कारण हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकत मोठा झालो. अजून समोर दिसतंय, तुम्ही दुबईहून सुट्टीवर आलाय, अम्मी भाकरी वाढतेय, आणि तुम्ही तेच सांगताय. शेठ मला घरचा समजतात, स्वतःच्या ताटातलं मटण माझ्या ताटात घालतात. मग दादी गेली तेव्हा या घरच्या माणसाला शेठने का सोडलं नाही? खजुराचा सीझन होता म्हणे. तिच्या कबरीत तुमच्या वाटणीची माती मी टाकली, अब्बा, चौथीत होतो. तुम्ही फोनवर रडलात आणि वर शेठचीच बाजू घेतलीत. एकदा तरी भांडायचं होतं तुम्ही. आता दुबईत रास अल खोरच्या त्याच खजुराच्या गोदामात, जिथे तुम्ही राबलात, मी पेट्या उचलतो, आणि शेठचा मुलगा शेठ झालाय. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून सुट्टी मागितली तर म्हणतो, "सीझन जाऊ दे ना, तू तर घरचा. तुझ्या अब्बांनी कधी तोंड उघडलं नाही." मेल्यावरही तुम्हाला कामाला लावलंय त्यांनी, माझं तोंड बंद करायच्या.

त्या अंगणातूनच फोन लावला. म्हटलं, "शेठ, मी घरचा नाही, कामगार आहे. कामगाराची सुट्टी कायद्यात आहे, ती द्या." तो म्हणाला, "खलास, घे सुट्टी. लेबर आहेस, तर लेबरसारखा जा."

गुरुवारचं तिकीट काढलंय. हे पत्र टाकणार तरी कुठे, राहू दे उशीखाली. दोस्ताला मी छाती काढून सगळं सांगितलं. तुम्हाला तेवढं खरं सांगतो, शेठ मला लेबर म्हणाला ते मला लागलं.