अर्धा सूत ढील

७ डिसें., रवि.
स. ६.४०, व्हरांड्यात ११.५°. चोक ओढला तर नॉब तारेसकट हातात आला. केबल डॅशबोर्डच्या मागेच तुटली आहे. चोकशिवाय एवढ्या थंडीत गाडी सुरू होत नाही. सात वेळा सेल्फ मारला. मग बॅटरीची दया आली.
चौदा महिन्यांत एकही रविवार चुकवलेला नाही. वैशाली नगर ते मरोदा आणि परत, गाडी चालती राहावी म्हणून. कुणी सांगितलेलं नाही. आई-बाबा नागपूरला दादाकडे राहायला गेले तेव्हा बाबांनी त्यांच्या या जुन्या गाडीची किल्ली टीव्हीवर ठेवली. हातात दिली नाही. ठरलेलं लग्न मी मोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मुलगा चांगला होता, कारखान्यात त्यांच्याच शॉपमधल्या सहकाऱ्याचा. चांगला होता म्हणूनच नकाराचं कारण देता आलं नाही.
शेजारच्या साहू काकी कुंपणावरून, सकाळी-सकाळी हे काय म्हणून: "का करत हस बेटी, बिहनिया-बिहनिया?"
"केबल टूट गया काकी."
"त भाई ला बुला ले."
हो म्हटलं.

९ डिसें., मंगळ.
ड्यूटीनंतर पावर हाउसच्या बाजारात, केबल शोधत. चार दुकानं. गाडीचं नाव सांगितलं की सगळे हसतात. चौथा म्हणाला, "मैडम, घर में कोई जेंट्स नहीं है क्या?"
"दो कार्बोरेटर हैं," म्हटलं.
त्याला ते उत्तर वाटलं असावं. स्कूटरच्या अॅक्सिलरेटरची लांब तार काढून दिली. जाडी मोजली, चालेल.
घरी येऊन खिचडी. कुकर लहान आणायला हवा. एकटीसाठी शिजवलेलं दोन दिवस पुरतं.

१४ डिसें., रवि.
केबल बसवली. नॉब एक, कार्बोरेटर दोन, पुढचा आणि मागचा. नॉब ओढला की दोन्हींचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या, एकदम खाली उतरायला हवेत, आत ढकलला की पूर्ण वर जाऊन बसायला हवेत. जोडणारा दांडा सरळ केला. इंजिन थंड असताना दोन्ही नीट बसतात.
प्रश्न ढिलाईचा. क्लॅम्पचा स्क्रू आवळण्याआधी तारेत किती ढील ठेवायची? मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनियर. आमच्याकडे ढील म्हणजे चूक. पण बाबा ठेवायचे, हे पाहिलेलं आहे. किती, ते पाहिलेलं नाही.
आईला फोन. स्पीकरवर होता, टीव्ही ऐकू येत होता.
"आई, चोकच्या तारेत ढील किती ठेवायची, विचार ना."
"अवो, ती इचारून राह्यली, चोकची तार ढिली किती ठेवाची?"
लांबून बाबांचा आवाज: "अर्धा सूत. सांग तिले."
"अर्धा सूत म्हन्तात. जेवली का तू?"
आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी असेल. आईला विचारता आलं असतं.
सूत म्हणजे किती, हेही विचारलं नाही. जुने लोक मिलिमीटरलाच सूत म्हणत असणार. फीलर गेजच्या पातीनं मोजून ०.५० मि.मी. ठेवली, स्क्रू आवळला. पहिल्या सेल्फला सुरू.

२१ डिसें., रवि.
मरोद्याच्या अलीकडे चौकात बंद पडली. इंजिन चांगलं तापलं होतं. आधी काळा धूर, मग धडधड, मग काहीच नाही. मागून हॉर्न. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी ढकलत कडेला घेतली.
"दीदी, इसको म्यूज़ियम में दे दो."
दुसरा: "अरे, म्यूज़ियम तक भी ढकलना पड़ेगा."
हसू आलं. त्यांना दिसलं नसावं.
प्लग काढले, काजळीनं काळे. पेट्रोल जास्त जातं आहे. नॉब आत असूनही जेट पूर्ण वर बसत नाही. इंजिन रबरच्या माउंटिंगवर हलतं, हलताना तार ताणली जाते, जेट खाली ओढला जातो. म्हणजे ढील कमी पडली. म्हणजे बाबांचं माप चुकलं.
हे कळलं तेव्हा बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण खरं आहे.
सं. आईला फोन. स्पीकर आहे हे माहीत होतं. म्हटलं, "बाबांना सांग, त्यांचं माप चुकीचं होतं. रस्त्यात बंद पडली गाडी."
खुर्ची सरकल्याचा आवाज.
"उठून गेले ते," आई म्हणाली. मग हळू, "तुले असं म्हनाची काय गरज होती व? तीस वर्षं फिटर होते ते."

२४ डिसें., बुध.
कामावर पाइपलाइनचा एक फ्लॅंज, म्हणजे बोल्टचा सांधा, उघडला होता. वर्मा अंकल, रिटायर होऊन पुन्हा ठेक्यावर आलेले फिटर, खालच्या माणसाला ओरडले, "आधा सूत छोड़ के कस!"
मी थांबले. "अंकल, सूत कितना होता है?"
आधी त्यांना चेष्टा वाटली. मग खिशातून स्टीलची पट्टी काढली, इंचाच्या बाजूनं. नखानं दाखवलं. "एक इंच में आठ सूत. इंजीनियर हो के नहीं मालूम?"
"नहीं मालूम."
"किसी से पूछा नहीं?"
१ सूत = ३.१७५ मि.मी. अर्धा सूत = १.५९. मी ठेवली होती ०.५०.
बाबांचं माप बरोबर होतं. भाषांतर माझं होतं.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही.

२५ डिसें., गुरु.
सुट्टी. १.६ मि.मी. ठेवली. मरोदा, परत, पुन्हा मरोदा. दोन्ही फेऱ्यांत प्रत्येक चौकात मुद्दाम थांबले. एकदाही बंद पडली नाही. प्लगची टोकं बदामी, हवी तशी.
नागपूरला कळवायला हवं. आईला "बाबांना सांग, चूक माझी" असा मेसेज लिहिला. खोडला. आईकडून गेलं तर तेही आईचंच वाक्य होईल.

२७ डिसें., शनि.
दादाचा फोन. बाबा तीन दिवस मोबाईलवर कार्बोरेटरचे व्हिडिओ पाहत आहेत. काल आईला म्हणाले, मी विसरत चाललो काय गं. दादा हसत सांगत होता.
मी हसले नाही.
माझ्या न विचारण्यामुळे त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास जातो आहे. उद्या.

२८ डिसें., रवि.
स. ९.१५. आईनं उचलला.
"आई, बाबांना फोन दे."
"मी सांगतो ना त्याईले, काय सांगू?"
"तू नको सांगू. फोन दे."
मग चपलांचा आवाज, दार, पुन्हा दार. "घ्या. तीच मांगून राह्यली." मग श्वास. हॅलो नाही.
म्हटलं, "बाबा, माप तुमचं बरोबर होतं. सूत म्हणजे एक मिलिमीटर, असं समजले मी. अर्धा मिलिमीटर ठेवली. म्हणून बंद पडली."
मी फोनवरचे सेकंद पाहत होते. ३८, ३९.
"मिलिमीटर?" बाबा म्हणाले.
"हो."
"येडी." मग, "इचारलं कावून नाही?"
"तुम्ही आईला सांगितलं असतं, आईनं मला."
ते खोकले. बराच वेळ. तब्येतीचं विचारावं की काय, ठरेना.
"मागच्या कार्बोरेटरचा जेट इंजिन गरम असताना पाह्यला का? थंडा असताना बराबर बसते. गरम झाला का अडकते तो."
गरम असताना पाहिला नव्हता. "पाहून सांगते," म्हटलं.
"कोनाले?"
तेवढ्यात फोन आईच्या हातात गेला होता, ती पोह्यांचं काहीतरी विचारत होती.

१०.३०. गाडी मरोद्यापर्यंत नेऊन तापवून आणली. बॉनेट उघडं. मागचा जेट खरंच केसभर अडकतो, बोटानं वर ढकलावा लागतो. साफ करायला लागेल.
आईच्या नंबरवर फोन केला तर तीच उचलेल. बाबांचा स्वतःचा नंबर आहे, चौदा महिन्यांत लावलेला नाही. हात काळे आहेत. आधी धुऊन येते.