वॅगनखालची दुसरी पाचर

उस्ताद,

तुमचे गुडघे कसे आहेत? इथं होतात तेव्हा खाली बसलात की उठताना जॅकचा दांडा धरायचात. तिकडं तरी गाडीखाली शिरायचं काम नसेल असं धरून चालतो. काकूंचा दमा कमी झाला का? चुलीचा धूर तिकडं नसणार. कळमनुरीच्या गॅरेजातलं ते कान तुटलेलं कुत्रं तुमच्यामागं आठ दिवसांत गेलं, ते बराबर पोचलं का? आणि आमची मंडळी तुमच्याकडं येऊन दोन वर्षं झाली. तिला शुगर आहे. काकूंना सांगा, ती गोड मागेल, देऊ नका. आणि तिनं माझं विचारलं तर सांगा, वेळेवर जेवतो. बाकी माझं म्हणाल तर सत्तरी ओलांडली, दात मोजकेच उरले, चष्मा जाड झाला, पण हात अजून कापत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या लाडक्याचा कापतो.

तुमच्या हाताखाली आम्ही दोघंच शिकलो, तो आणि मी, आणि दोघांत लाडका कोण हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. शाळा मी चौथीतच सोडली होती, अक्षरं जुळवायला शिकलो ती पार्टच्या खोक्यांवरची. तो सातवी झालेला, बोलायला गोड. दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात पाट मांडले की माझी नजर आधी त्याच्या ताटात जायची. त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा लिंबाएवढा आणि माझ्या भाकरीवर बोराएवढा, असं मला रोज दिसायचं. एकदा काकूंच्या ते ध्यानात आलं. "काहून रे, आपल्या ताटात बघून जेव की! लोणी काय उठून पळून राहिलं का?" तो खळखळून हसला. तुम्ही हसला नाहीत, खाली बघून जेवत राहिलात. त्या लोण्याची चव कशी होती म्हणाल तर आज मला सांगता येणार नाही. गोळा किती होता तेवढं सांगतो.

आता कामाचं. यंदा पोळा झाला आणि चार दिवसांनी शिरड शहापूरला माझ्या पत्र्याच्या शेडपुढं तुमची वॅगन येऊन थांबली. तीच लांब पाठीची, मागं दार उघडणारी. डॉक्टरांनी टाकून दिलेली ती गाडी तुम्ही हाडं जोडावीत तशी जोडली होती. रंग पार गेलाय, पण आवाज ऐकला आणि माझ्या हातातला पाना थांबला. स्टिअरिंगवर तुमच्या लाडक्याची पोरगी होती. तो बाजूनं उतरला, दार धरून, हळूहळू.

"उस्तादांची गाडी हाय. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत न्हाई मी हिला," उतरल्या उतरल्या सुरू.

"मंग तूच कर की. लाडका तू हायेस."

त्यानं पंजा पुढं केला. पिंपळाचं पान हलावं तसा हलत होता. "पाना धरला की नटाभवती नाचतो बघ. अन् एका डोळ्यावर पडदा हाय."

"करायचं काय हाय?"

"उचलून दे, जमिनीपासनं उंच. साखरा गावाकडं शेतात राहून राहिलो आमी. पांदणीत गुडघाभर चिखल, फुडं नाला, नाल्यात हे एवढाले धोंडे. बायकोच्या पाठीचा मणका सरकलाय, ट्रॅक्टरवर बसवली की किंचाळती. दवाखान्यात काय डोक्यावर नेऊ? वॅगनमधी आडवी झोपती ती."

"जीप घे एखादी."

"जीपमधी उस्ताद बसले व्हते का, लेका?"

उस्ताद, तिथंच मी मोजायला लागलो. त्याची बायको दुखतेखुपते, पण आहे. गाडी गंजलीय, पण तुमची आहे. तुमच्या शेवटच्या दिवशी तुमच्या उशाशी तो होता, किल्ली तुम्ही त्याच्या मुठीत ठेवलीत, आणि मी कळमनुरीत पोचलो तेव्हा लोक हातपाय धुऊन परतत होते. एवढं सगळं ज्याच्या पदरात पडलं, तो आता माझ्या दारात येऊन म्हणत होता, तेवढं जरा नीट करून दे. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? गाडीला हात लावायला मिळणार होता.

आठवतं का, ती पहिल्यांदा उचलली ती तुम्हीच. वावरात बंद पडलेल्या ट्रॅक्टरपर्यंत पोचता यावं म्हणून मागच्या चाकांवरच्या कमानींत पोलादाचा एकेक पाटा वाढवलात. गाडी उंच झाली, पण इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट तिरका पडला आणि चालताना खालून घूं घूं आवाज यायला लागला. तुम्ही आम्हाला गाडीखाली आडवं पाडून दाखवलंत. "गाडी उचलली म्हंजी झालं न्हाई. एक्सलचं तोंड बी वर करा लागतं. कमान आन एक्सलच्या मधी दोन्हीकून लोखंडाची पाचर. दोन्हीचा उतार एकच पायजे, न्हाई तर एक्सल पिळून मरतो." मग दोघांना सांगितलंत, एकेक जोडी करा. मापाची पट्टी नाही, नमुना नाही, नुसत्या डोळ्यानं आणि कानशीनं.

त्यानं दोन दिवसांत केली. माझी तिसऱ्या दिवशी दुपारी झाली. तुम्ही माझ्या दोन पाचरी एकीवर एक उलट्या ठेवल्यात, उन्हाकडं धरल्यात. मधून उजेडाची रेघही येईना. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तुम्ही एकीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलात. एकदा. मग परत एकदा. माझ्याकडं बघितलंत. "दुसऱ्याच्या ताटात बघून जेवलं की चव कळत न्हाई रे," म्हणालात आणि दोन्ही पाचरी भंगाराच्या ड्रममध्ये टाकल्यात. धाडकन आवाज झाला. तीन गिऱ्हाइकं आणि चहावाला बघत होते. तो तर बघतच होता.

मी समजलो, लोण्याचा टोमणा. घरी रुसून बसलो आणि आठ दिवसांनी तुमचं गॅरेज सोडलं. निघताना काकूंनी भाकरी बांधून दिली आणि तुम्ही फडक्यात गुंडाळलेली नवी कोरी कानस हातात ठेवलीत. तोही मला टोमणाच वाटला, की जा, घासत बस. पण टाकली नाही हो ती. आणि पुढं सगळी हयात मी हीच गोष्ट सांगत फिरलो, की पास झालेली पाचर उस्तादांनी फेकली. काहून, तर लाडक्याची लावायची होती. ऐकणारा हळहळला की मला बरं वाटायचं.

तर यंदा काम सुरू केलं. तो रोज सकाळी स्टुलावर येऊन बसायचा आणि मी काही हातात घेतलं की त्याचं चालू, "उस्ताद असं करायचे. उस्ताद आधी तेल सोडायचे." मी म्हटलं, "उस्ताद काम चालू असताना तोंड बंद ठेवायचे, तेवढं कर." तो हसायचा. मी कमानी उतरवल्या, भंगारातल्या जीपचे पाटे वाढवले, चाकांसाठी पत्रा कापून जागा केली, इंजिनखाली जाड पत्रा ठोकला, धुराचा पाइप वर घेतला, ब्रेकच्या नळ्या लांब केल्या, नाहीतर गाडी उंच झाल्यावर त्या ताणून तुटतात. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं की कमान जरा जास्तच ताठ ठेवावी, धोंड्यावरनं जाताना बसू दे ह्याला दणके. पण मागं त्याची बायको आडवी झोपणार होती. पाटा काढला, परत घासला.

जुन्या पाचरी निघाल्या त्या दिवशी तो चहाला गेला होता. गाडी आता आणखी उंच झालेली, त्यामुळं नव्या कराव्या लागणार होत्या. मी दोन्ही रॉकेलनं धुतल्या, चष्मा लावला. तुमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूच्या पाचरीवर कानशीच्या रेघा उजवीकडं झुकलेल्या. ती त्याची. पल्याडच्या बाजूची पाहिली आणि चष्मा पुसून परत पाहिली. रेघा डावीकडं झुकलेल्या. तुमच्या गॅरेजात डावखुरा एकच होता, उस्ताद.

फेकली होतीत ना? मग ड्रममधून कधी काढलीत? एवढी वर्षं माझी पाचर तुमच्या गाडीखाली होती, आणि मी गावोगाव रडत फिरत होतो. आनंद झाला म्हणाल तर झाला, पण घटकाभरच. लगेच दुसरा किडा वळवळला: तुम्ही बसायचात ती बाजू त्याची, आणि माझी पल्याडची, जिकडं सामानाची पेटी असायची. अर्धाच वाटा दिलात. बघा, सत्तरीतही मी गोळाच मोजून राहिलो.

तो आला. पाचरी त्यानं माझ्या हातातून घेतल्या. डोळ्याला दिसत नाही, म्हणून अंगठ्यानं बघायला लागला. चेहरा असा उजळला की मी बोलणार होतो ते राहूनच गेलं.

"तुला ठाव न्हाई," तो म्हणाला, "तू तवा रुसून घरी बसला व्हता. भोक पाडताना माझी एक तडकली. म्या रडकुंडीला आलो. उस्ताद म्हनले, जाय, मी करतो दुसरी. सकाळी येऊन बघतो तर बसवलेली! ही माझी अन् ही उस्तादांची. आन हितं बघ, हितं अंगठा लाव. माझ्या पाचरीच्या कोपऱ्याला घासायचं राहिलं, उंचवटा हाय. उस्तादांनी त्यांच्या पाचरीला बी तसाच ठिवला. त्यांना काय नीट घासता येत नव्हतं का? माझ्या चुकीला बी मान दिला माणसानं. माझ्याबराबर त्यांची पाचर, एका गाडीखाली. मला त्या किल्लीचं काही न्हाई रे, मला ह्याचं हाय."

माझी जीभ अशी खाजत होती म्हणून सांगू! एकच वाक्य पुरेसं होतं. पोरीला बोलावून नुसत्या रेघा दाखवल्या असत्या, तरी त्याचं जन्माचं लोणी माझ्या ताटात आलं असतं. मी म्हणालो, "व्हय. उस्तादांचाच हात दिसतो." आणि नव्या पाचरी करायला बसलो. डोळ्यानं, नमुन्याशिवाय. शेवटचा हात तुमच्या कानशीनं फिरवला. तिचे दात गेलेत, माझ्यासारखेच.

गाडी साखऱ्याला नेली. स्टिअरिंग मी धरलं, तो बाजूला, त्याची बायको मागं गादीवर. पांदण झाली, नाला झाला. मागनं विचारती कशी, "भाऊजी, नाला कवा येतो?" तो म्हणाला, "माघं गेला की!" तिचं हसू ऐकलं आणि घरी आल्यावर आमच्या मंडळीच्या फोटोसमोर बराच वेळ बसलो.

मग खंडेनवमीला त्याचा निरोप आला, पूजेला ये. शेतातल्या घरी पाना, पक्कड, हातोडा सगळं मांडलेलं, आणि मधोमध पाटावर त्या दोन पाचरी, झेंडूच्या फुलांत. "उस्तादांच्या पाचरीला पहिलं हळदीकुंकू तू वाहा," म्हणाला. "तुझा मान हाय." वाहिलं, उस्ताद. माझ्याच पाचरीला मी हात जोडले. ती दोघं नवराबायको डोळे मिटून उभी होती.

ती बाई म्हणते, भाऊजींचं मन मोठं. तुम्हाला तरी खरं सांगतो, ज्याच्यासाठी हा कागद घेतला. मन मोठं म्हणून गप्प बसलो नाही. मी सांगितलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता: तुझ्या पाचरीला माझा उंचवटा कसा आला? त्या तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं हात धुवायला गेलात, तेव्हा त्याची पाचर मी फडक्याखालून काढली आणि माझी तिच्याशी लावून लावून घासली. उतार आला, त्याच्याबरोबर त्याची चूकही आली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मंडळीलाही नाही.

तुमच्या अंगठ्याला ते तेव्हाच कळलं होतं ना? मग त्याच्यासमोर काहून बोलला नाहीत? आणि रात्रीतून ती लावलीत ती अडचण होती म्हणून, की माझी म्हणून? एवढं एकच कळवा. हे पत्र टाकायला पेटी कुठली, कानशीच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. पण उत्तर लवकर लिहा, उस्ताद. त्याची तब्येत ठीक दिसत नाही. माझ्या आधी तो तिकडं पोचला तर पहिलं त्या पाचरीचंच विचारेल, आणि त्याला काय सांगायचं ते आपलं दोघांचं आधी ठरलेलं बरं.