कावळ्याला दिलेला शब्द

४ ऑगस्ट २००९, मंगळवार. घोडेगाव

काल दामूअण्णा गेला. हार्ट. चहाची कपबशी खाली नीट ठेवली आणि मग गेला म्हणे. जन्मभर एसटीत कंडक्टर. उतारू पुरता उतरल्याशिवाय घंटी मारली नाही, स्वतः मात्र असा चालत्या गाडीतून उतरला. आता दोस्त म्हणावा असा गावात कोण उरला, आठवतोय.

मुलगा निवृत्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मुलगी सुनंदा चाकणहून आली. सातवा महिना. तिला स्मशानात नेलं नाही.

पेपरच्या ऑफिसचा फोन. पुण्यात स्वाइन फ्लूनं पहिला मृत्यू, ग्रामीण भागात काय हालचाल? म्हटलं, इथे हालचाल फक्त वडापच्या जीपची.

६ ऑगस्ट

शांतिलालशेठच्या कापडदुकानात परिषद भरली. (पणजोबा मारवाडातून आले, हा शिव्या मात्र माझ्याहून अस्सल मराठी देतो.) त्याचं म्हणणं, लागण इतक्यांना, गेले किती? बोटावर मोजण्याइतके. ‘साध्या तापानं याच्यापेक्षा जास्त जातात राव, ते छापता का तुम्ही?’

मी म्हटलं, भागाकाराला भाजक लागतो शेठ. घरात काढा पिऊन बरा झाला तो तुझ्या हिशेबात नाही, आणि डोंगरातल्या वाडीवर न तपासता गेला तोही नाही.

‘म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.’

खरं आहे. मग नेतृत्वावर घसरलो. तहसीलदार कलेक्टरकडे बघतात, कलेक्टर मंत्रालयाकडे, मंत्रालय टीव्हीकडे, टीव्ही आमच्याकडे. वर्तुळ पूर्ण. शेठनं तोपर्यंत तागा फाडून टेलरकडे मास्क शिवायला धाडलासुद्धा. आजचं एकमेव नेतृत्व.

८ ऑगस्ट

लेख आला. ‘गर्दीला आवर कोण घालणार?’ भीमाशंकरचे श्रावणी सोमवार, पुढाऱ्यांचे सत्कार, लग्नासारखे वाढदिवस. सगळ्यांना एकेक चिमटा. स्वतःच दोनदा वाचला.

संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या डॉ. मॅडमचा फोन. तरुण आहे, हसू जपून वापरते. लेख आवडला म्हणाली. मग हळूच, ‘सर, दहाव्यांचं राहिलं की. नदीवर दोन-दोन तास भाषणं, आणि माईक तुमच्याच हातात. दामूअण्णांचा तरी घरातल्या घरात करा.’

लेखात ते राहिलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. की आलं होतं? इकडे माणूस केवढा होता हे दहाव्याला किती पुढारी बोलले यावर ठरतं. आणि पाठशाळेतलं संस्कृत अजून तोंडात आहे म्हणून निवेदन माझ्याकडे. बघतो म्हटलं.

९ ऑगस्ट, रविवार

पुण्यात वार्ताहरांची बैठक. निम्मे रुमाल बांधून, दरोड्याची तयारी असावी तसे. शेजारचा गडी सारखा नाक ओढत होता. मी त्याला न्यायशास्त्र ऐकवलं: यत्र यत्र शिंक, तत्र तत्र शंका. हसता हसता माझ्याच अंगावर शिंकला. परतीची एसटी खच्चून.

रात्री निवृत्तीला मॅडमचं सांगितलं. ‘गुरुजी, अण्णानं लोकांचा एक दहावा चुकवला न्हाई. ड्युटीवरून उतरून घाटावर जायचा. आन् त्याच्याच टायमाला घाट मोकळा ठेवू?’

पेपरला निवेदन मीच पाठवलं. सर्वांनी उपस्थित राहावे, ही विनंती.

११ ऑगस्ट

घसा खवखवतोय. अंग कसकस. सौ.नं काढा केला, म्हणाली, उद्या राहू द्या, दुसरा कुणी बोलेल. म्हटलं, माईक सभापतींच्या हातात गेला तर तेराव्यालाच सुटेल.

दुपारी दामूच्या घरी वाद. त्याच्या बहिणीचा, आत्याबाईंचा हट्ट, ‘पोटुशी बाई घाटावर नगं.’ सुनंदा रडत होती. स्मशानात नेलं नाही, आता दहाव्यालाही नाही, मग मी बापाला निरोप द्यायचा कधी? निवाडा माझ्याकडे आला. मी सांगितलं, शास्त्रात याला आधार नाही. आत्याबाईंना संस्कृत ऐकवत राहिलो. त्यांना एक अक्षर कळलं नाही, म्हणून त्या हरल्या.

सुनंदा पाया पडली. बरं वाटलं. फारच.

१२ ऑगस्ट

दहावा. घोडनदीच्या पाण्यापासून रस्त्यापर्यंत माणसं. जुन्नरपासून एसटीवाले आले होते. दामू मोठा माणूस निघाला.

सभापती म्हणाले, या आजारात गर्दी टाळा. गर्दीला म्हणाले. मला हसू फुटलं, त्याचा खोकला झाला. माईकवर. मग तोच माईक पुढच्या वक्त्याला.

पिंड ठेवले. कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, खाली एक नाही. निवृत्तीनं सगळं कबूल केलं, आईला सांभाळीन, भांडणार नाही, दारू नाही. उन्हं चढली. सुनंदा खुर्चीत हुंदके देत, ‘अण्णा माझ्यावरच रुसलेत.’ कुणीतरी म्हणालं, गुरुजी, तुमी बोला, तुमचं ऐकायचा त्यो.

मी तिच्याशेजारी बसलो. दोन्ही हात हातात घेतले, तोंडाशी तोंड नेऊन म्हटलं, रडू नकोस. मग पिंडाकडे बघून: ‘दाम्या, पोरीचं बाळंतपण मी बघतो. तिला काही होऊ देणार नाही. जा आता.’

कावळा उतरला. माझ्या शब्दावर. लोकांनी हात जोडले, मला की कावळ्याला कळलं नाही.

घरी येऊन ताप मोजला. होता.

१५ ऑगस्ट

दोन दिवस अंथरुणात. आज उतार. झेंडावंदनाला गेलो नाही, बातमी घरूनच दिली. दरवर्षी तीच असते.

दुपारी निवृत्ती. सुनंदाला कणकण आहे.

१८ ऑगस्ट

सुनंदाला धाप लागली. मॅडमनी स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसवून पुण्याला धाडलं. गरोदर बाईला हा आजार जड जातो म्हणे. हे मला माहीत होतं. माझ्याच लेखात होतं, तिसरा परिच्छेद.

मॅडमचा फोन. ‘सर, दहाव्याला तिच्याजवळ कुणी आजारी होतं का? तुम्ही तिथेच होता.’

‘पावसाळा आहे मॅडम. खोकत कोण नाही.’

तिनं ठीक आहे म्हणून फोन ठेवला. मला वाक्य रचता येतं, एवढंच माझं शिक्षण.

२१ ऑगस्ट

रिपोर्ट आला. तोच आजार. सुनंदाला श्वासाची नळी घातली.

सभापती सांगत फिरतात, आरोग्य केंद्र झोपलं होतं, मॅडमची बदली करा. डेस्कवरून विचारणा, जबाबदार कोण ते स्पष्ट लिहा. मॅडमनी आधीच सावध केलं होतं, एवढं लिहिलं. ऐकलं कुणी नाही? तिथे ‘दशक्रियेतील गर्दी’ असं लिहिलं. गर्दी हा शब्द फार सोयीचा. त्यात मी एकटा दिसत नाही.

शांतिलालशेठ दुकानात म्हणाला, ‘तुमचा तो भाजक, गुरुजी... एकदा घरचं माणूस त्यात पडलं की खाली एकच उरतो.’ मग चहा मागवला. दोघांनीही नाही घेतला.

२४ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज आरतीला दामूच्या आळीत. यंदा दुःखामुळे त्यांच्याकडे गणपती नाही, म्हणून शेजारच्यांकडे. आत्याबाई दारात भेटल्या. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. म्हणाल्या, ‘तुमचं शास्त्र खरंच आसंल, गुरुजी. मला येडीला काय कळतंय.’

त्यांचा नियम कशासाठी होता देव जाणे. पण पाळला असता तर पोरगी घरात बसली असती. आणि मी घाटावर खोकलो असतो, माशांना.

३० ऑगस्ट

पुण्याला जाऊन आलो. बाळ काढलंय. मुलगी. काचेच्या पेटीत, माझ्या तळहाताएवढा चेहरा. सुनंदा दुसऱ्या मजल्यावर, शुद्धीत नाही. आत सोडत नाहीत, काचेतून दाखवतात.

निवृत्ती जिन्यात बसला होता. दाढी वाढलेली. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यानं माझा हात धरला. ‘गुरुजी, मी रोज अण्णाला सांगतो, काळजी करू नको, गुरुजी हायेत. त्येंनी शबुद दिलाय.’

नाही सांगितलं. बरोबर नेलेली मोसंबी दिली आणि आलो. आळेफाट्याची गाडी मिळाली. मंचरला उतरायचं विसरून पार नारायणगावला गेलो. दामू असता तर घंटी मारून उतरवलं असतं.

तपासणी मी केलीच नाही. तेव्हा माझ्यामुळेच, हे सिद्ध होत नाही. निरनिराळ्या शंभर तोंडांचा माईक तिच्या खुर्चीजवळ पडला होता. हा युक्तिवाद रोज सकाळी करतो. रोज जिंकतो. संध्याकाळपर्यंत पुन्हा करावा लागतो.

८ सप्टेंबर

वडिलांचं श्राद्ध. सौ.नं पान वाढून गच्चीत ठेवलं. कावळा कठड्यावर येऊन बसला, मान वाकडी करून माझ्याकडे बघत. पानाला शिवेना. भात गार झाला.

सौ. म्हणाली, ‘बोला ना काहीतरी त्याला. दामूभावजींच्या वेळी कसं चटकन ऐकलं.’

तोंड उघडलं. कबूल करायला काही सापडेना. आधीचंच बाकी आहे.

तिला तिथेच सगळं सांगितलं. बारा तारखेचा ताप, मॅडमला दिलेलं उत्तर, सगळं. ती पानावरची माशी वारत राहिली. मग म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग?’

निवृत्तीचा फोन आला. उद्या सकाळी डॉक्टर नळी काढून बघणार. स्वतःहून श्वास घेते का ते. ‘तुमी या,’ म्हणाला. ‘तुमी असलात की बरं.’

मॅडमला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावेन. पहाटेची गाडी धरायची आहे. शर्टाला इस्त्री करून ठेवली. काय बोलायचं ते मात्र आज रचत बसलो नाही.

कावळा अजून कठड्यावरच.