सात नंबरची चादर

प्रिय धाकटे,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. मला लिहायची सवय नाही. अक्षर पाहून नाक मुरडू नकोस.

आईला जाऊन महिना झाला. तुला ते परक्या माणसाकडून कळलं. का, ते सांगते. पण आधी चादरीचं सांगू दे, नाहीतर माझा धीर सुटेल.

मी अजून दवाखान्याच्या धुलाईघरातच आहे. वॉर्डातल्या चादरी खाली येतात, कोपऱ्यात लाल दोऱ्याने पलंगाचा नंबर घातलेला. आई सात नंबरवर गेली. उशाशी नर्सला बोलवायची घंटी असते ती बिघडलीये म्हणून तो पलंग त्यानंतर कुणाला दिलेलाच नाही. पण नियम म्हणजे नियम, रिकाम्या पलंगाचीही चादर रोज बदलतात. आणि ती चादर खाली येते ती गरम. आत्ताच कुणीतरी उठून गेलंय, अशी. बाकीचा ढीग गारढोण.

आधी मी नर्सवर खेकसले, दुपारचं कोण लोळतं गं तिथे? ती म्हणाली, मावशी, तुम्हीच येऊन बघा. गेले. पलंग रिकामा, वर धुळीचा कण नाही. खाली येऊन चादर सोड्यात उकळली. दुसऱ्या दिवशी दुसरी चादर आली, ऊब तीच.

मग काय, बोभाटा. शिवणवाली म्हणते, चादर लावली आणि माझा आखडलेला खांदा सुटला. बायका कामं टाकून हात लावायला येतात. मी म्हटलं, खांदा सुटला ना, मग उचल हे गाठोडं! कुणी हसलं नाही. आमची म्हातारी इस्त्रीवाली तेवढी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तू का चिडतेस गं? चमत्कार तमाशासारखा बघायला नसतो. तो कुणालातरी हाक मारत असतो, आणि ज्याला मारतो तोच कानात बोटं घालतो.

मी ती चादर घाईने सोड्यात कोंबली. कारण मी सुरकुत्या पाहिल्या होत्या. भिंतीकडच्या कडेला अंग चोरून झोपल्यासारख्या. बाकी अर्धी चादर कोरी. आठवतं ना? लहानपणी आई भिंतीला चिकटून झोपायची, तुला जागा ठेवून. मी पायथ्याशी.

तर आता ऐक. शेवटचे नऊ दिवस ती रोज विचारायची, धाकटी निघाली का? मी सांगायचे, निघाली, वाटेत आहे. मी तुला कळवलंच नव्हतं. फोन हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे. वाटायचं, एकदा तरी ती माझ्या एकटीची असू दे. माझ्या शब्दावर विसंबून ती गेली, आणि अजून वाट बघतेय. काल मीच त्या पलंगावर जाऊन पडले, कोऱ्या बाजूला. माफी मागितली. भिंतीकडून ऊब येत होती, पण माझ्या अंगाखालची चादर बर्फासारखी. ती जागा माझी नाहीच. देवाला माझं रडणं नकोय, धाकटे, त्याला माझं खोटं खरं झालेलं हवंय, आणि ते फक्त तुझ्या हातात आहे. ये. नंतर माझ्या तोंडावर थुंकलीस तरी चालेल. आधी वर जा, तिच्याजवळ बस, आले म्हण. मी जिन्याखाली थांबेन.

तुझीच, तू मानलंस तर,
ताई