बांजाची सात रोपं

रावेर, ९ ऑगस्ट १९५६

प्रिय लीलाधर,

केळीची लागवड काल उरकली, म्हणून आज निवांत लिहायला बसले. जानेवारीत तू ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवलेल्या, तिकडच्या थंड डोंगरांतल्या बांज झाडाच्या बियांचं काय झालं, ते आजवर लपवलं. आता सांगते.

तू केळी सोडून जंगलखात्याच्या शिक्षणाला गेलास, तेव्हापासून आबांनी तुझं नाव घेणं टाकलं होतं. मला 'लीलाधरची माय' म्हणायचे, तेही बंद. नुसतं 'अवं, ऐक'. म्हणून मी बिया चोरून पाटाकडेला, केळीच्या सावलीत पेरल्या. आठवड्यात पकडले गेले. कोणाच्या आहेत ते सांगितलं, तर हे पाठ फिरवून निघून गेले. महिन्याभरानं मात्र मळ्यातून हाक आली, "लीलाधरची माय, अठी ये! याले तं आधी मुयी फुटते!" बघते तर एक बी उकरून हातावर घेतलेली. वर काही नाही आणि खाली वीतभर मूळ! मी मुळाकडे बघू की यांच्याकडे, कळेना.

दोन बिया खारीनं पळवल्या, काही कुजल्या, सात उगवल्या. आबा येईल त्याला पान उलटून पाठीमागचा पांढरा रंग दाखवायचे. मग तुझी जुनी पत्रं निघाली. मी वाचायची, हे ऐकायचे. बांजाला फळ धरायला वीस-तीस वर्षं लागतात आणि फुलाचं फळ पिकायला वरीसभराहून जास्त, हे ऐकून म्हणाले, "आपली केयी दीड वर्षात घड देऊन मोकयी!" पाखरं बिया पुरून ठेवतात, काही विसरतात आणि त्यांतूनच जंगल डोंगर चढतं, हे तर मला तीनदा वाचायला लावलं. दर वेळी मांडीवर थाप मारून हसले.

पण आपला वैशाख तुला माहीत आहे. आबांनी ओली पोती बांधली, दुपारी स्वतः घागरी ओतल्या. तरी एकेक रोप करपत गेलं. शेवटचं जेठात गेलं. आबांनी ते हलक्या हातानं उपटलं आणि बांधावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "याची जागा अठी नव्हती. त्यात याचा काय गुन्हा?" मी डोळ्याला पदर लावला, तो यांनी पाहिला.

आता खरं कारण. येत्या अठराला आबा इथून गाडीत बसताहेत, सोबत शेजारचे तोतारामभाऊ. बांजाचं मोठं झाड बघायचं आहे, असं गावभर सांगतात. भुसावळहून लोकरीचा कोट आणलाय, आणि या उकाड्यात रोज घालून बघतात! तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. म्हणून हे गुपचूप लिहितेय. त्या आठवड्यात दौऱ्यावर जाऊ नकोस. स्टेशनावर ये. काही विचारू नकोस, आधी पाया पड. बोलायला तेच लागतील.

तुझीच,
आई